मालवायची राहिलेली खोली

बॅटरी फुगली होती, एवढीच गोष्ट. सतत चार्जरला लावून ठेवलं की कुठलीही बॅटरी फुगते, आणि आईने दादाचा तो हातातला गेम दादा गेल्यापासून एकदाही चार्जरवरून काढला नव्हता. मागचं झाकण मधोमध वर आलं होतं. टेबलावर ठेवला की तो डुलायचा. अशी बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही, हे ठिणगीने आईला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, आधी समजावून, मग चिडून. शेवटी त्या दिवशी दुपारी आई म्हणाली, बरं, ने.

ठिणगी हे नाव दादाने ठेवलेलं. घरात कुणी खऱ्या नावाने हाक मारलीच तर ती वळूनही बघत नसे. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ती गेम दुरुस्त करायच्या एका दुकानात लागली होती आणि आपल्या कामावर खूश होती. खूश नव्हते ते काका. वडील लवकर गेले, तेव्हापासून काका याच घरात राहत, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक मत तयार असे. खेळण्यांचा डॉक्टर व्हायला एवढी वर्षं शिकलीस का, हे त्यांचं रोजचं. त्या दुपारीही ती वायरी गुंडाळत होती तेव्हा ते रेडिओचा आवाज कमी करून दारात आले.

"फेकून द्या म्हणतोय मी कधीपासून," ते म्हणाले. "आधी पोराला गिळलं त्या डबड्याने. आता हिला गिळतंय."

दादाला रक्ताच्या आजाराने गिळलं होतं. पण काकांशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टाचण्या टोचणं, हे ठिणगीला कळून चुकलं होतं. शिवाय वाक्याचा दुसरा अर्धा भाग खोटा नव्हता. आई खरंच संपत चालली होती. दादाच्या खोलीत, चार्जरच्या शेजारी, पाठ न टेकता ती दिवसदिवस बसून राही. खेळत नसे. तिला खेळता येतच नव्हतं. पडद्यावर दादाने जिथे गेम थांबवला होता तेच चित्र होतं, आणि चष्मा नसला की आईला त्यात एक पिवळा ठिपका तेवढा दिसे. त्या ठिपक्याकडे बघत ती अर्धी पोळी दुपारभर पुरवायची. मैत्रिणींचे फोन घेणं बंद झालं होतं, गॅलरीतली झाडं वाळून गेली होती. ठिणगीला बॅटरीचं काहीच पडलं नव्हतं. तिला आई परत हवी होती.

"खेळू नकोस हं," आई म्हणाली. गेम हातात देताना तिची बोटं सुटत नव्हती. "नुसती बॅटरी बदल. चालू राहू दे, आहे तसाच."

"अगं, मी रोज हेच करते."

"आहे तसाच," आई पुन्हा म्हणाली.

का, ते सांगितलं नाही. मोठ्या माणसांची ही जुनी खोड. अट घालतील, कारण गिळतील.

वाटेत गेम बंद पडू नये म्हणून तिने त्याला पॉवर बँक जोडली आणि वायर पिशवीतून बाहेर ठेवून निघाली. सलाइन लावलेला पेशंट एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यावा तसं तिला वाटत राहिलं. आभाळ सकाळपासून भरून आलं होतं. उजेड होता, पण कुठल्याच वस्तूला सावली नव्हती.

दुकानाची सुट्टी होती. किल्ली तिच्याकडे असायची. तिने शटर अर्धं उचललं, वाकून आत शिरली आणि पुन्हा खाली ओढलं. सुट्टीच्या दिवशी दुकानाला वेगळाच वास येतो. थंड पडलेल्या सोल्डरचा, जुन्या प्लॅस्टिकचा, हजार हातांच्या घामाचा. फळीवर दुरुस्तीला आलेले गेम ओळीने पडले होते, सगळ्यांचे पडदे काळे. तिने टेबलावरचा दिवा लावला आणि दादाचा गेम मऊ कापडावर ठेवला.

लहानपणी हा एकच गेम दोघांत होता. पाळीपाळीने, पांघरुणात, आवाज बंद करून. पडद्याचा निळसर उजेड दादाच्या हनुवटीवर पडायचा आणि ती त्याच्या दंडाला चिकटून आपल्या पाळीची वाट बघत बसायची. पाळी संपली तरी तो दोन मिनिटं जास्त घ्यायचा. मग ती चावायची. लोक विचारतात, काय ठेवलंय एवढं त्यात. विचारणारे कधी खेळलेलेच नसतात. बाहेरचं जग अवाढव्य, आणि त्यात तुम्हाला कुणी विचारत नाही. हे जग दोन तळहातांत मावतं, आणि त्यातला दिवासुद्धा तुमच्या अंगठ्याला विचारल्याशिवाय मालवत नाही. शिवाय तुम्ही जिथे सोडून जाल तिथे ते थांबून राहतं. घर थांबत नाही, शाळा थांबत नाही, आजार तर नाहीच. हे थांबतं. शेवटच्या महिन्यात वॉर्डातल्या खाटेवर दादाच्या हातात दुसरं काही टिकतच नव्हतं. पेला निसटायचा. हा मात्र नाही.

गेम अगदी साधा होता. एक भलीमोठी इमारत, मजल्यावर मजले, लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. तुम्ही रखवालदार. टोपी घातलेला, अंगठ्याएवढा. दारांखालून उजेड दिसेल त्या खोलीत जायचं, खिडकी लावायची, दिवा मालवायचा, बाहेर यायचं. मजल्यावरचा शेवटचा दिवा मालवला की रखवालदार आपल्या खाटेवर जाऊन आडवा व्हायचा, आणि तो झोपला की गेम सेव्ह व्हायचा. त्याआधी नाही. जुना गेम असल्यामुळे रखवालदाराला तिरकं चालता येत नसे. सरळ जायचा, थांबायचा, काटकोनात वळायचा, पुन्हा सरळ. खोल्या सगळ्या रिकाम्या. शेकडो खोल्या मालवल्या असतील दोघांनी. त्या गेममध्ये रखवालदार सोडला तर माणूस नव्हता.

दादाने पॉझ केला होता तिथे बोळ अंधारा होता. एकच दार उजळलेलं. रखवालदार त्या दारापासून चार पावलांवर, भिंतीकडे तोंड करून उभा.

आता दुकानाचा एक नियम होता आणि तो मालकाने तिला पहिल्याच दिवशी घोटून घेतला होता. आधी सेव्ह, मग स्क्रू. एकदा कुणाचा तरी न सेव्ह केलेला गेम वायर सुटल्यामुळे गेला होता, आणि तो दांडगा गृहस्थ काउंटरवर डोकं ठेवून रडला होता. बाहेरून वीज देत बॅटरी बदलता येते, आणि ते ठिणगीला येतही होतं. पण हात जरासा हलला, चिमटा जरासा सरकला, की दादाने सोडलेला तो क्षण कायमचा गेला. आणि त्याबरोबर आई गेली. सेव्ह केलं तर ती भीतीच उरत नाही. मग चार्जर नको, राखण नको. हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा बंद करा. एका दिव्याचं तर काम होतं. आईला बॅटरी आणि सेव्ह यांतला फरक कळत नव्हता म्हणून ती 'आहे तसाच' म्हणाली, असं ठिणगीने स्वतःला सांगितलं, आणि पॉझ काढला.

रखवालदार हलला. टप, टप, टप. इवल्या स्पीकरमधून पावलं वाजली. बंद दुकानात तो आवाज वाजायला हवा त्याहून मोठा वाजला. तिने त्याला उजळलेल्या दारापर्यंत नेलं. दाराच्या वर एक झरोका होता, एरवी नसायचा. त्यातून आतलं दिसत होतं.

एक खाट. खाटेवर पांघरूण, त्याखाली उंचवटा. शेजारी खुर्ची. खुर्चीत एक बाई बसलेली, मान खाली घालून.

चारदोन ठिपक्यांची बाई ती. केस म्हणजे काळे ठिपके, अंगावर निळे. तरी ठिणगीचा अंगठा थबकला. मग तिला दादाचा हेवा वाटला, खरंच हेवा. इतकी वर्षं दोघं खेळत होती आणि एवढी लपलेली खोली त्याला एकट्याला सापडली, वॉर्डात पडल्या पडल्या, आणि हा पठ्ठ्या बोललासुद्धा नाही.

ती आत शिरली. खिडकी लावली. दिव्याचं बटण दाबलं. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, मालवायचा का? हो. नाही.

हा गेम कधी काही विचारत नसे.

बाहेर शटरवर वारा आपटला. फळीवरच्या काळ्या पडद्यांत टेबलावरचा दिवा कितीदा तरी दिसत होता. तिने 'हो' दाबलं. दिवा जाण्याच्या अगदी आधी खुर्चीतल्या बाईने मान वर केली. तिला तोंड नव्हतं, तेवढ्या ठिपक्यांत तोंड मावतच नाही. पण ती रखवालदाराकडे बघत नव्हती. पडद्याच्या बाहेर बघत होती.

मग अंधार. रखवालदार आपसूक खाटेकडे गेला आणि झोपला. सेव्ह झालं.

पुढचं काम हातांनीच केलं. गेम बंद केला, स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी उचलून वाळूच्या डब्यात टाकली, नवी बसवली. पुन्हा चालू केला तर दादाचा गेम जिथल्या तिथे. तिला इतकं हलकं वाटलं की तिने लगेच घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"झालं ना?" आईनेच विचारलं.

"झालं. तुला कसं कळलं?"

"बसल्या बसल्या डोळा लागला होता माझा. एकदम अंधार झाल्यासारखं वाटलं बघ... आणि मग बरं वाटलं. फार बरं वाटलं."

ठिणगी घरी पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दार उघडताच फोडणीचा वास आला. आई स्वयंपाकघरात उभी होती. केस धुतलेले, विंचरलेले. गॅलरीतल्या झाडांना पाणी घातलेलं. काका टेबलाशी बसून आधीच जेवत होते आणि घास हातात धरून आईकडेच बघत होते, इतका त्यांनाही धक्का बसला होता. आईने ठिणगीला वाढलं, स्वतः वाढून घेतलं आणि ताटातलं सगळं खाल्लं. काका हात धुऊन आपल्या खोलीत गेले. जाता जाता पुतणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, डॉक्टरीणबाई, मानलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पदकच. थोड्या वेळाने त्यांचा रेडिओ सुरू झाला.

मग आईने चष्मा घातला आणि गेम हातात घेतला.

"दिवा कुठे गेला गं?"

ठिणगीने सांगितलं. सेव्ह म्हणजे काय, तो का करावा लागला, आता चार्जर का नको. सोप्या शब्दांत, न चिडता. आई ऐकत राहिली. बोटाने काळ्या पडद्यावर काहीतरी शोधत राहिली.

"त्याने मला दाखवलं होतं," आई म्हणाली. "शेवटच्या दुपारी. म्हणाला, आई, ही बघ, ही तू आहेस. मला काय दिसतंय चष्म्याशिवाय. मी हसले. तर म्हणाला, हसू नकोस. हा दिवा असाच राहू दे. कुणी मालवायचा नाही. चालू ठेव आणि... ठिणगीच्या हातात देऊ नकोस. तिला धीर नाही, ती लगेच मालवेल."

ठिणगीची कानशिलं तापली. "मग हे मला सांगायचं कुणी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं तर वाटू द्यायचं ना. तुम्ही लोक असं का करता? सांगायचं ते सांगत नाही आणि मग..."

आई तिच्याकडे प्रेमाने बघत होती. प्रेमानेच, त्यात काही शंका नको. फक्त ती डोळे मिटत नव्हती.

"जाऊ दे," आई म्हणाली. "आवरते आता." आणि उठली.

आधी गॅलरी. दार लावून घेतलं, दिवा मालवला. मग स्वयंपाकघर. खिडकी लावली, दिवा मालवला. ठिणगी टेबलाशी बसून बघत होती. प्रत्येक घरातली आई रोज हेच करते, ती मनाला समजावत होती. पण आई भिंतीच्या कडेकडेने चालत होती. सरळ जायची, थांबायची, काटकोनात वळायची, पुन्हा सरळ. टेबलाला वळसा घालताना लोक तिरके जातात. आई टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, वळली.

"आई..."

आईने बैठकीचा दिवा मालवला.

ठिणगी गेम छातीशी धरून आपल्या खोलीत पळाली आणि दार लावून घेतलं. खोलीतला दिवा लावलेला होता. बोळात पावलं वाजत होती. टप, टप, टप. दादाच्या खोलीचं दार उघडलं, खिडकी लागली, बटण वाजलं. पावलं पुढे सरकली. काकांच्या खोलीचं दार. काका रेडिओवरच्या माणसाच्या चुका काढत होते, नेहमीसारखे तावातावाने. वहिनी, काय हवंय, असं त्यांनी विचारलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं. खिडकी लागली. काका म्हणाले, अहो, मी अजून इथे...

बटण वाजलं. रेडिओ थांबला. काकाही थांबले, अर्ध्या वाक्यावर. पुढे ते बोललेच नाहीत.

दारं ओलांडत पावलं तिच्याकडे यायला लागली. तिने गेम चालू केला. का केला हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. संकटात हात ओळखीच्या वस्तूकडे जातात, एवढंच. पडद्यावर नवा मजला होता. लहान होता, पाचसहा दारांचा. सगळी अंधारी, एक सोडून. रखवालदार बोळातून त्या दाराकडे येत होता. टोपी नव्हती त्याला. काळे ठिपके होते, मोकळ्या केसांचे. तिने बटणाला हात लावलेला नव्हता.

तिने मागे जायचं बटण दाबलं. पडद्यावरची आकृती एक पाऊल मागे गेली. बाहेर बोळात एक पाऊल मागे वाजलं.

तिने अंगठा उचलला. बाहेर पाऊल पुढे वाजलं. ती पुन्हा दाबून बसली. पाऊल मागे, मागे, बोळाच्या टोकापर्यंत. तिथे भिंत लागली. अंगठ्याला रग लागली. किती वेळ दाबून धरणार? एवढाच प्रश्न आता तिच्या आणि आईच्या मधे उरला होता, आणि दादाला तो आधीच पडला होता. वॉर्डातल्या खाटेवर, निसटणाऱ्या बोटांनी, त्याने त्यावर जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं होतं.

"बाळा," बाहेरून आई म्हणाली. आवाज थकलेला होता, गोड होता, आईचाच होता. "दार उघड ना. एवढी एकच राहिली. मग मला आडवं होता येईल."

ठिणगी रडत होती. रडता रडता तिने दादाने केलं तेच केलं. पॉझ दाबला.

पावलं थांबली. आईचा श्वाससुद्धा ऐकू येईना. तिने दार बोटभर उघडलं. तिच्या खोलीतल्या उजेडाची पट्टी बोळात पडली, आणि त्या पट्टीच्या टोकाशी आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, एक पाय किंचित उचललेला. पदराचं टोक चालताना उडालेलं आणि तसंच हवेत राहिलेलं. चष्म्याच्या कडेवर पिवळा ठिपका. बघून ठिणगीचं काळीज तुटलं. पण आई होती. मालवलेली नव्हती. तिने दार लोटलं, हात मागे नेऊन टेबलावरचा आपला चार्जर चाचपडला आणि वायर गेमला जोडली. घट्ट बसलीय ना, ते दोनदा बघितलं.

घर इतकं शांत झालं होतं की चार्जरची गुणगुण ऐकू येत होती. भिंतीवरचं घड्याळ थांबलं होतं. खिडकीबाहेर झाडाची फांदी एका बाजूला कलंडून तशीच राहिली होती. सगळं थांबलं होतं, आणि थांबायलाच हवं होतं.

मालवलेल्या खोल्यांत पुढे काय होतं, पॉझ तिथे पोचतो का, हे त्या गेमने त्या दोघांना कधीच दाखवलं नव्हतं.

काकांच्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी हळूच खुर्ची ओढली... आणि खाटेजवळ नेऊन ठेवली.